युक्तिवाद खिळखिळा करणारे सर

आमच्या सरांनी एकदा रोह्याहून पेणला जाणारी एसटी खांबला थांबवायला लावली आणि उतरलं कोणीच नाही.

मी त्या गाडीत होतो. सोमवारची सकाळ होती, गाडी भरलेली होती. कोलाड सुटल्यावर कंडक्टरनं मागे तोंड करून जाहीर केलं की काल खांबला कुणी उतरलं नाही की चढलं नाही, तेव्हा आज गाडी तिथं थांबणार नाही. लोकांनी ऐकून सोडून दिलं. सर मात्र सीटवरून उठले, दांडीला धरत धरत कंडक्टरपर्यंत गेले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "काल रविवार होता."

कंडक्टरला काही उमगेना. मग सरांनी त्याला समजावलं की रविवारी शाळा बंद, कचेऱ्या बंद, त्यामुळे रविवारच्या उतारूंवरून सोमवारच्या उतारूंबद्दल काही म्हणता येत नाही. कंडक्टर भला माणूस होता, त्याला पटलं. त्यानं घंटी मारून खांबला गाडी उभी केली आणि दार उघडून वाट बघत राहिला. कुणी जागचं हललं नाही. शेवटी त्यानं सरांनाच विचारलं, उतरताय ना?

"मी पेणला चाललोय," सर म्हणाले. "तुमच्या बोलण्यातला सांधा कच्चा होता, एवढंच मी सांगितलं."

पुढे वडखळ येईपर्यंत कंडक्टर सरांच्या सीटकडे फिरकला नाही. सर मात्र प्रसन्न होते. गाडीत कुणाला खांबला उतरायचं होतं की नव्हतं, हा त्यांच्या दृष्टीनं वेगळाच प्रश्न होता.

सर स्पर्धा परीक्षांचे क्लास घेत. शनिवार-रविवार रोह्याला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. सोमवार-गुरुवार पेणला, एका गणपतीच्या कारखान्यावरच्या खोलीत. रोह्याची पोरं घरी जाताना पांढरी होऊन जात ती पिठानं, पेणची शाडूनं. गणित, इंग्रजी, सामान्य ज्ञान शिकवायला दुसरे लोक होते. सरांचा विषय तर्क. त्यातही त्यांचा जीव एकाच जातीच्या प्रश्नात अडकला होता: खाली युक्तिवाद दिला आहे, तर पुढीलपैकी कोणतं विधान त्याला सर्वात जास्त कमकुवत करतं? 'कमकुवत' हा पुस्तकी शब्द सरांना आवडत नसे. ते म्हणत, खिळखिळा करा.

मी खाडीकाठच्या गावातला. आईवडील मिठागरावर राबलेले. बारावीनंतर आयटीआय करून मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागलो होतो, रोह्याला खोली घेऊन राहत होतो, आणि बँकेत चिकटायचं म्हणून सरांच्या क्लासला जायला लागलो होतो. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं: ज्या सकाळी धाटावला वास जास्त येतो, त्या सकाळी शिफ्टची बस उशिरा येते, म्हणून बसला उशीर होतो तो वासामुळे.

मी हात वर केला. रोज त्याच बसनं जाणारा मी, माझ्याइतका अधिकार कुणाचा? मी म्हणालो, सर, हे खोटं आहे.

सरांनी खडू खाली ठेवला. "खोटं आहे का, हे तुला कुणी विचारलं?"

मग त्यांनी अर्धा तास तेवढंच सांगितलं. निष्कर्षाच्या अंगावर धावून जायचं नाही. आधार खोटा आहे म्हणायचं नाही. बस उशिरा येते हे कबूल, वास येतो हेही कबूल. या दोघांना जिथं जोडलंय, तो सांधा शोधायचा आणि तिथं बोट घालून हलवून बघायचं. थंडीत धुकं पडलं की वास जमिनीलगत बसतो. आणि धुकं पडलं की ड्रायव्हर गाडी हळू हाकतो. एवढं म्हटलं की झालं. युक्तिवाद पडला नाही, पण आता त्याच्यावर कुणी पाय ठेवून उभं राहणार नाही. "आपलं काम तेवढंच," सर म्हणाले. "पाडायचं काम आपलं नाही."

पर्यायांशीही त्यांची घरगुती ओळख होती. एक पर्याय नेहमी लग्नाला आलेल्या लांबच्या काकासारखा असतो, म्हणत. विषयाशी संबंध नाही, पण बोलतो सगळ्यात मोठ्यानं. एक पर्याय उलट युक्तिवादालाच बळ देतो, तो हितशत्रू. आणि एक फार टोकाचं बोलतो. सर्व, कधीच, नक्कीच, असले शब्द वापरतो. त्याची सरांना मनापासून भीती वाटे. स्वतःच्या बोलण्यातही त्यांनी असा शब्द येऊ दिल्याचं मला आठवत नाही. पाऊस पडत असताना सर क्लासला आले आणि कुणी विचारलं, पाऊस आहे का सर, तर ते म्हणत, "मी निघालो तेव्हा होता."

सरांचं घराणं रोह्यातलं जुनं, जमीनदारांचं. कुळकायद्यात बहुतेक जमीन गेली. त्या पिढीतली माणसं हा विषय निघाला की आवाज चढवतात. सर मात्र कौतुकानं सांगत की कुळांचा युक्तिवाद पक्का होता, त्यांच्या वडिलांनी फार हलवून बघितला, पण कुठंच हलेना. आमच्या गावातली निम्मी घरं कधीकाळी असल्याच कुणाची तरी कुळं. पण त्यांचं ते सांगणं ऐकताना मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. चांगल्या बॉलरचं कौतुक आऊट झालेला बॅट्समन करतो, तसं ते वाटे.

या स्वभावाचा त्यांना स्वतःला फायदा झाला असं काही दिसत नव्हतं. पित्तासाठी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, चहा सोडा, माझ्या ज्या पेशंटांनी सोडला त्यांचं पित्त गेलं. सरांनी विचारलं की त्या पेशंटांनी चहाबरोबर चहासोबतची भजीही सोडली होती का. डॉक्टरांना सांगता येईना. सर समाधानानं घरी आले, चहा केला, प्यायले आणि दुपारभर छातीवर हात फिरवत बसले. डॉक्टरांचा युक्तिवाद खिळखिळा झाला होता; पित्त जागच्या जागी होतं.

लग्नाचंही तसंच. तरुणपणी पेणला एक मुलगी बघायला गेले होते, ते स्वतःच वर्गात उदाहरण म्हणून सांगत. मुलीचे वडील म्हणाले, आमची मुलगी इतकी शांत की आळीत कुणी तिचा आवाज ऐकलेला नाही. सरांनी चौकशी केली तेव्हा कळलं की मुलगी शिकायला पुण्याला हॉस्टेलवर असते. मग सर म्हणाले, मुलगी आळीत नसताना आळीला तिचा आवाज ऐकू येणार कसा? त्यावर ती मुलगी हसली. आळीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हसली. वडिलांनी पोह्यांच्या बशा आत न्यायला सांगितल्या आणि विषय तिथंच संपला. आम्ही विचारलं, सर, ती मुलगी आवडली होती का? सर म्हणाले, "त्यासाठी पुरेशी माहिती दिलेली नव्हती." पण हे सांगताना ते फळ्याकडे तोंड करून उभे होते.

असा हा माणूस एक दिवस माझ्या बाजूनं उभा राहिला. म्हणजे उभा राहिला असं मला वाटलं.

झालं असं. पहिली शिफ्ट संपवून मी घरी गेलो. जाण्याआधी सॉल्व्हंटच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला होता, तशी नोंद करून सही केली होती. दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरला तासाभरानं टाकी भरून वाहताना दिसली आणि व्हॉल्व्ह उघडा मिळाला. कुणाला इजा झाली नाही. पण माल नाल्यात गेला, खालच्या वस्तीतल्या लोकांनी येऊन गेटवर आरडाओरडा केला, आणि कंपनीला एक माणूस हवा होता. व्हॉल्व्हला शेवटचा हात कुणाचा? माझा. मला निलंबित करून घरी बसवलं आणि चौकशी लावली.

युनियनचा माणूस माझ्यासोबत बसणार होता. आदल्या दिवशी त्यानं कळवलं की माणगावला लग्न आहे, टाळता येत नाही. मी तसाच क्लासला गेलो आणि सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, सर वाईट वाटून घेतील, धीर देतील. पण माझं बोलणं संपेपर्यंत त्यांचे डोळे चमकायला लागले होते. आधार: शेवटचा हात याचा. निष्कर्ष: उघडा यानंच ठेवला. पुटपुटत त्यांनी हवेत बोटानं दोन टिंबं काढली आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "मी येतो," ते म्हणाले.

चौकशीला अलिबागचे एक निवृत्त वकील नेमले होते. गंभीर, जाड भिंगांचे, दर वाक्यानंतर घसा साफ करणारे. कंपनीच्या बाजूनं पर्सोनेल खात्याचे साहेब. माझी आई गावाहून पहाटेच्या गाडीनं आली होती. तिला आत घेतलं नाही, म्हणून ती बाहेर खिडकीखालच्या बाकावर बसली. खिडकी उघडी होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

पर्सोनेलच्या साहेबांनी सुरुवातीलाच हरकत घेतली. हे गृहस्थ बाहेरचे, यांना प्लांटमधलं काही कळत नाही, म्हणून यांना बसू देऊ नये. सर म्हणाले की कळत नाही हे अगदी खरं आहे. पण चौकशी अधिकारीही बाहेरचेच आहेत आणि त्यांनाही प्लांटमधलं कळत नसावं, तरी ते बसलेले आहेत. वकीलसाहेबांनी घसा साफ केला, चष्मा वर केला, सरांना नीट बघून घेतलं आणि बसा म्हणाले.

मग साहेबांनी माझी कुंडली मांडली. मुलगा बेजबाबदार आहे. कामात लक्ष नाही, कसले कसले क्लास करतो. मागच्या दिवाळीत न सांगता आठवडाभर गावी जाऊन बसला होता, त्याचा मेमो मीच दिला होता. मी मान खाली घातली. दिवाळीत मला ताप आला होता, पण तसं कळवायचं राहून गेलं होतं, हे खरंच होतं. सरांनी यातल्या कशालाच हरकत घेतली नाही. उलट ते मान डोलवत होते.

सुपरवायझरांची पाळी आली. वयस्क, सरळ माणूस. सरांनी त्यांना फार थोडं विचारलं. माझी शिफ्ट सुटल्यापासून टाकी वाहताना दिसेपर्यंत त्या बाजूला कोण जाऊ शकत होतं? कुणीही, ते म्हणाले, साफसफाईची ठेकेदाराची माणसंही तिथूनच पाणी मारत जातात. मग सरांनी विचारलं, हा व्हॉल्व्ह याआधी कधी असा उघडा मिळाला होता का?

सुपरवायझरांनी साहेबांकडे बघितलं, मग छताकडे. म्हणाले, एकदा मिळाला होता, पण तेव्हा लगेच लक्षात आलं, माल गेला नाही, म्हणून कुणी वर सांगितलं नाही. कधी? ते जरा आठवत राहिले. दिवाळीत, ते म्हणाले, कारण कंपनीनं वाटलेली मिठाई त्याच दिवशी घरी न्यायची राहिली होती.

सर साहेबांकडे वळले आणि म्हणाले, "ते मेमोचं तुम्ही मघाशी सांगितलंत, ते पुन्हा एकदा सांगाल का?"

साहेबांनी सांगितलं. पण मघाचा जोर त्यात नव्हता.

मला खुर्चीतून उडी मारावीशी वाटली. बाहेर बाकावर आईच्या बांगड्या वाजल्या. तेवढ्यात वकीलसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले की हे ठीक आहे, पण दिवाळीत व्हॉल्व्ह दुसऱ्या कुणाकडून उघडा राहिला असेल, तर त्यावरून या वेळी यानं ठेवला नाही असं सिद्ध होत नाही.

"मुळीच होत नाही!" सर म्हणाले.

इतक्या आनंदानं म्हणाले की पर्सोनेलचे साहेबही दचकले. सर खुर्चीत पुढे सरकून वकीलसाहेबांना समजावू लागले की हा फरक फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. माझे विद्यार्थी वर्षभर शिकूनही इथंच चुकतात. आपण फक्त युक्तिवाद खिळखिळा केला, खोडून काढला नाही. यानं व्हॉल्व्ह उघडा ठेवला असण्याची शक्यता अजून आहेच. साहेब भराभर लिहून घेत होते. फाशी जाणाऱ्याचा वकील दोराची तारीफ करत होता, आणि दोर माझ्या गळ्यात होता.

चहासाठी थांबलो. सर बाहेर आले तशी आई बाकावरून उठली. तिनं त्यांना आधी नमस्कार केला. आमच्या घरात मास्तर म्हणजे मोठा माणूस. मग म्हणाली, "मास्तर, तुमी आमचे हाव का त्यांचे?"

सरांनी तिलाही समजावायला घेतलं. की आपली बाजू भक्कम आहे, पण जे सिद्ध झालेलं नाही ते आपण म्हणू शकत नाही. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिला त्यातलं काय कळलं, ठाऊक नाही.

"त्यानं केला नाय," ती म्हणाली. "यवढा तरी आत जाऊन सांगा."

"बाई, ते मला माहीत नाही."

"म्हाईत नसू दे. तुमाला वाटतं का, त्यानं केला असंल?"

सरांच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभर मी त्यांच्या समोर बसत होतो, पण ते मला पर्याय तपासल्यासारखं न बघता नुसतं बघतायत, असं पहिल्यांदा वाटलं. आई उत्तराची वाट बघत उभी होती. ती काही मागत नव्हती, रडतही नव्हती. नुसती उभी होती, आणि सरांना ते जड जात होतं. शिपाई बोलवायला आला तेव्हा त्यांनी कप तसाच भरलेला बाकावर ठेवला.

आत गेल्यावर वकीलसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं की बचावाच्या बाजूनं आणखी काही सांगायचं आहे का. मला वाटलं, सर नाही म्हणतील. सर उभे राहिले. बसूनच बोलायचं होतं, पण ते उभे राहिले. शर्टाची खालची कड त्यांनी मुठीत धरली होती, तोंडी परीक्षेला आलेल्या पोरासारखी.

"यानं व्हॉल्व्ह उघडा ठेवलेला नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "या विधानाला माझ्याकडे आधार नाही."

वकीलसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. दुसरं वाक्य नोंदवायचं आहे का, की वगळू, असं त्यांनी विचारलं.

"दोन्ही लिहा," सर म्हणाले आणि खाली बसले.

पुढच्या शनिवारी सर क्लासला आले नाहीत. निरोप आला की पित्त उसळलंय. चहामुळे की कशामुळे, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

निकाल लागला. आरोप सिद्ध झाला नाही, मला कामावर घेतलं आणि त्या व्हॉल्व्हला कुलूप बसवलं. आईनं सरांना गावी जेवायला बोलावलं. सर शाकाहारी, म्हणून तिनं वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आणि घरात दोन दिवस मासळी आणू दिली नाही, त्यावर वडील कुरकुरले. जेवताना आई सरांना म्हणाली की तुमी शेवटाला ते बोललाव ना, तेच्यानंच झाला सगला. सरांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, नाही बाई, झालं ते दिवाळीच्या प्रश्नामुळे. आई म्हणाली, नाय मास्तर. ते म्हणाले की एखादी गोष्ट शेवटी घडली म्हणून पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं, असं म्हणता येत नाही. आईनं त्यांच्या पानात बिरडं वाढलं. सरांनी तिच्या म्हणण्यातला सांधा निरनिराळ्या बाजूंनी हलवून बघितला. ती प्रत्येक वेळी नाय मास्तर म्हणायची आणि काहीतरी वाढायची. सर त्या दिवशी चार माणसांचं जेवले.

पुढे मी बँकेत लागलो, त्या प्रश्नांच्याच जोरावर. काही वर्षांनी माझी बदली अलिबागला झाली आणि एक दिवस काउंटरवर ते वकीलसाहेब आले, आणखी जाड भिंगांचे. मी ओळख दिली. त्यांना ती चौकशी चांगली आठवत होती. धीर करून मी विचारलं की साहेब, तुमचा निकाल नेमका कशावर ठरला? त्यांनी घसा साफ केला. दिवाळीवर, ते म्हणाले. सुपरवायझर दिवाळी म्हणाला, तिथंच माझं ठरलं होतं. तुझ्या सरांचं ते शेवटचं वाक्य कायद्याच्या दृष्टीनं निरुपयोगी होतं.

मी त्याच आठवड्यात रोह्याला गेलो. सर थकले होते, क्लास बंद केला होता, कुंडलिका नदीच्या बाजूच्या खिडकीत खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांना बरं वाटावं म्हणून मी मुद्दाम गेलो होतो. इतक्या वर्षांनी त्यांच्या तर्काचा विजय झाला होता, तोही खुद्द न्याय करणाऱ्याच्या तोंडून. मी सगळं सांगितलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं.

"त्यांचं वय काय आता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ऐंशीच्या घरात असतील.

"आणि हे ते इतक्या वर्षांनी, आठवून सांगतायत." सरांचं बोट उचललं गेलं. "शिवाय ते वाक्य कानावर पडायच्या आधीच आपलं ठरलं होतं, असं माणूस नंतर म्हणतो. वकील तर म्हणणारच. आतून कशानं ठरलं, ते त्याला स्वतःला तरी कुठं ठाऊक असतं?" मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "नाही. तुझ्या आईचं म्हणणं अजून उभं आहे. तिला सांग."

रविवारी गावी गेल्यावर मी आईला सांगितलं. ती अंगणात वाल सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"मास्तरांना आता कललं व्हय?" ती म्हणाली.